लोकल आली, बस गेली: टोकाच्या उपनगरात जोडणी कशी बसवायची

प्रश्न बदलापूर पूर्वेच्या काही रहिवाशांचा आहे. थोडक्यात असा: "गाड्या वाढवा, बस वाढवा अशी निवेदनं देऊन आम्ही थकलो. आमची वसाहत स्टेशनपासून साडेतीन किलोमीटरवर आहे. रात्री कधी कधी कल्याणहून बदलापूरला येण्यापेक्षा स्टेशनवरून घरी पोचायला जास्त वेळ लागतो. नेमकं काय मागावं, कोणाकडे, आणि आधी काय?"

मी एका महापालिकेच्या परिवहन उपक्रमात बावीस वर्षं वेळापत्रकं बसवण्याचं काम केलं. म्हणजे कोणती बस किती वाजता सुटणार, ड्रायव्हर-कंडक्टरची ड्युटी कुठे बदलणार, फेरीला किती मिनिटं द्यायची, हा हिशोब. त्या अनुभवावरून सांगतो, पहिली मागणी लोकलची करू नका आणि बसच्या आकड्याचीही करू नका. लोकल आणि बस यांच्यामधल्या जोडाची करा. तो जोड आज कोणाच्याच कामाच्या यादीत नाही, आणि सगळ्यात कमी पैशात, सगळ्यात लवकर दुरुस्त होणारी गोष्ट तीच आहे.

गाड्या वाढायला हव्यात यात शंका नाही. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान भरगच्च लोकलच्या दारातून खाली पडून माणसं मेली; त्यानंतर गाड्या पुरेशा आहेत असं कोणी म्हणू नये. पण कल्याणच्या पुढे कसारा आणि कर्जत अशा दोन फांद्या फुटतात (बदलापूर कर्जतच्या फांदीवर), आणि दोन्हींवर लोकल, मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या यांना मुख्यतः एकच अप आणि एकच डाऊन रूळ आहे. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका २०१९ मध्ये एमयूटीपी ३ए मध्ये, म्हणजे मुंबईच्या नागरी वाहतूक प्रकल्पाच्या एका टप्प्यात, मंजूर झाली. रेल्वेचं काम कसं चालतं ते ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेवरून कळतं: मंजुरीपासून फेब्रुवारी २०२२ मध्ये ती सुरू होईपर्यंत दशकाहून जास्त काळ गेला. जमीन, झोपड्यांचं पुनर्वसन, पूल, सिग्नल, ब्लॉक (कामासाठी गाड्या बंद ठेवणं), यातलं काहीच लवकर होत नाही. रूळ पडेपर्यंत थांबायचं ठरवलं तर आज पाचवीतली मुलगी कॉलेजला जायला लागेल. बसच्या वेळा मात्र महिनाभरात बदलता येतात. म्हणून रेल्वेचं वेळापत्रक आहे तसं गृहीत धरायचं आणि बस त्याला बांधायची. उलट कधीच होत नाही.

आता जोड म्हणजे काय ते जवळून बघू. पावसाळ्यातली संध्याकाळ. डाऊन, म्हणजे मुंबईकडून येणारी, लोकल फलाटाला लागते. बारा डब्यांची गाडी अडीचशे मीटर लांब असते. पुलाजवळच्या डब्यातला माणूस मिनिटभरात पायऱ्यांवर असतो. शेवटच्या डब्यातली बाई, हातात छत्री, खांद्याला पर्स, दुसऱ्या हातात कुर्ल्याला घेतलेली भाजी, ती गर्दीच्या मागून फलाटभर चालते, पायऱ्या चढते, पूल ओलांडते, उतरते, रिक्षांच्या रांगांमधून वाट काढते. मी हे घड्याळ लावून पुष्कळदा मोजलंय. पहिल्या माणसाला दोन मिनिटं, शेवटच्याला सहा ते सात. बस खाली उभी आहे, इंजिन चालू आहे. गाडी येऊन तीन मिनिटं झाली आणि कंडक्टरने डबल बेल दिली. बसमध्ये अकरा माणसं. पुलाच्या पायऱ्यांवर गर्दीचं तोंड नुकतंच दिसायला लागलंय. ही बस वेळेवर सुटली, नोंदवहीत बरोबरची खूण झाली, आणि जिच्यासाठी ती होती ती बाई पुढचा अर्धा तास रिक्षाच्या रांगेत उभी राहिली.

त्यामुळे पहिला नियम साधा आहे. संध्याकाळची बस गाडीच्या वेळापत्रकातल्या वेळेनंतर सात-आठ मिनिटांनी सुटली पाहिजे. सकाळी बरोबर उलट: बस स्टेशनवर गाडीच्या दहा मिनिटं आधी टेकली पाहिजे. बहुतेक उपक्रमांत दिवसभर एकच अंतर धरून फेऱ्या लावतात, सकाळ-संध्याकाळ सारखं. सोपं जातं म्हणून तसं करतात. पण टोकाच्या गावांत गर्दी सकाळी एका दिशेने आणि संध्याकाळी दुसऱ्या दिशेने असते, आणि दोन्ही वेळांना बसचं गाडीशी नातं वेगळं असतं.

दुसरा हिशोब दोन फेऱ्यांमधल्या अंतराचा. समजा लोकल दर वीस मिनिटांनी येते आणि बस दर पंचवीस मिनिटांनी सुटते. शाळेतला लसावि आठवा: वीस आणि पंचवीसचा शंभर. म्हणजे शंभर मिनिटांत पाच लोकल येतात आणि त्यांच्या प्रवाशांना क्रमाने शून्य, पाच, दहा, पंधरा, वीस मिनिटं थांबावं लागतं. ज्याला शून्य आलं त्याची तर बस पूल उतरेपर्यंत निघूनच जाते. प्रवाशाला यातलं गणित दिसत नाही. त्याला एवढंच कळतं की बसचा भरवसा नाही. आता बस दर चाळीस मिनिटांनीच सोडा, पण प्रत्येक दुसऱ्या लोकलला नेमकी. बस कमी झाल्या, तरी सेवा सुधारली. कारण ठाण्यात किंवा कुर्ल्यात उभा असलेला माणूस ठरवू शकतो की मला ही नको, पुढची गाडी हवी, तिला बस आहे. स्वित्झर्लंडने १९८२ पासून देशभरच्या गाड्या ठरावीक मिनिटांवर बांधल्या आणि डोंगरातल्या पिवळ्या पोस्ट बस त्यांना जोडल्या, तत्त्व हेच. आपल्याकडे लोकलची अंतरं एकसारखी नसतात, कधी आठ मिनिटं, कधी बावीस, हे खरं आहे. मग बसलाही एकसारखं अंतर देऊ नका. गाड्यांची यादी समोर ठेवा, प्रत्येक बसच्या वेळेपुढे ती कोणत्या लोकलची आहे ते लिहा. फलकावर 'रात्री ८.४०' एवढं लिहिण्यापेक्षा 'अमुक वाजताच्या कर्जत लोकलची बस' असं लिहिलं की सगळ्यांना कळतं, ड्रायव्हरलासुद्धा.

किती बस लागतील? हे तुमच्या निवेदनात असायलाच हवं, कारण 'बस वाढवा' याला उत्तर 'निधी नाही' असं येतं, आणि 'पाच बस' याला ते इतक्या सहज देता येत नाही. साडेतीन किलोमीटरचा मार्ग, ताशी चौदा किलोमीटरचा वेग: जायला पंधरा मिनिटं, यायला पंधरा. स्टेशनवर गाडीची वाट बघायला दहा. एकूण चाळीस मिनिटांची फेरी. दर वीस मिनिटांनी सेवा हवी तर दोन बस. पूर्वेला एक मार्ग, कात्रप-शिरगाव-खरवईच्या बाजूचा. पश्चिमेला एक, मांजर्ली-बेलवलीच्या बाजूचा. चार बस, एक राखीव. पाच. संध्याकाळी कोंडीत पंधराची बावीस मिनिटं होत असतील तर चाळीसची फेरी मोडते, मग प्रामाणिकपणे साठची धरा आणि मार्गाला तिसरी बस मागा. कागदावर चाळीस आणि रस्त्यावर पंचावन्न, हा प्रकार मी सगळ्यात जास्त पाहिला आहे. त्यात दिवसातली शेवटची फेरी हमखास रद्द होते, कारण ड्रायव्हरची ड्युटी संपलेली असते.

आणि आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते: गाडी उशिरा आली तर?

मध्य रेल्वेवर पावसाळ्यात दहा-पंधरा मिनिटांचा उशीर ही रोजची गोष्ट. वेळापत्रक कितीही जुळवलं तरी बस थांबली नाही तर सगळं वाया. मी नोकरीत असताना एका ड्रायव्हरने पावसात बारा मिनिटं उशिरा आलेल्या लोकलसाठी बस थांबवली. बस भरून गेली, लोकांनी त्याला हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्याला उशिरा सुटल्याबद्दल मेमो मिळाला. मी स्टार्टरच्या, म्हणजे चौकीवरून बस सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, शेजारी बसलो होतो. नोंदवहीत उशिराच्या रकान्यात लाल शाईने बारा लिहिलं होतं आणि बारा का, ते लिहायला रकानाच नव्हता. मेमो मागे घ्या म्हणून मी दोन पत्रं लिहिली, काही झालं नाही. त्यानंतर त्या चौकीवरून एकही ड्रायव्हर गाडीसाठी थांबला नाही. मी त्यांना दोष देऊ शकलो नाही आणि आजही देत नाही. चूक वहीची होती.

म्हणून थांबण्याचा नियम लेखी हवा, ड्रायव्हरच्या भलेपणावर सोडलेला नको. मी नंतर जिथे जमलं तिथे हा बसवला. त्याच मार्गाची पुढची बस दहा मिनिटांत असेल तर थांबायचं नाही. पुढची बस वीस मिनिटांनी किंवा त्याहून उशिरा असेल तर सुटण्याच्या वेळेनंतर आणखी दहा मिनिटांपर्यंत थांबायचं. आणि दिवसातली शेवटची बस, तिने आपली लोकल आल्याशिवाय हलायचं नाही, मग कितीही वाजोत. थांबण्याचा निर्णय स्टार्टरचा, त्याची नोंद 'लोकलसाठी' या वेगळ्या रकान्यात, आणि तो उशीर ड्रायव्हरच्या खात्यावर धरायचा नाही.

यावर हमखास आक्षेप येतो की पुढच्या थांब्यांवर उभ्या असलेल्यांचं काय. संध्याकाळी स्टेशनवरून बाहेर जाणाऱ्या बसमध्ये पुढच्या थांब्यांवर चढणारे अगदी थोडे असतात, बहुतेक उतरणारेच. थांबण्याचा त्रास पाच जणांना होतो आणि फायदा चाळीसांना. सकाळी स्टेशनकडे येणाऱ्या बसला हा युक्तिवाद लागू नाही. तिने एक मिनिटही रेंगाळायचं नाही. स्टार्टरला गाडी कुठे आहे हे कळायला फार मोठी यंत्रणाही लागत नाही. एम-इंडिकेटर या मोबाइल ॲपवर प्रवासी स्वतःच सांगत असतात की गाडी अंबरनाथला उभी आहे. एक फोन आणि फलाटावरची घोषणा ऐकू येईल अशी चौकी, एवढ्यावर काम होतं.

शेवटच्या बसबद्दल आणखी. उपक्रमाचे अधिकारी किलोमीटरमागे उत्पन्न बघतात, आणि रात्री साडेदहाच्या बसचं उत्पन्न वाईटच दिसतं. सात-आठ माणसं. म्हणून ती पहिल्यांदा कापली जाते. पण त्या बसवर फक्त ती सात-आठ माणसं अवलंबून नसतात. ज्याला कधी तरी ऑफिसात उशीर होतो, आणि तो कोणाला होत नाही, तो माणूस सकाळी घरातून निघतानाच ठरवतो की रात्री बस नसली तर पंचाईत नको, बाईक घेऊन जाऊ. ती बाईक दिवसभर स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये उभी राहते आणि सकाळची बस एक प्रवासी गमावते. आम्ही एका मार्गावर शेवटची बस साडेनऊवरून सव्वाअकरावर नेली. रात्री बस जवळजवळ रिकामीच जात राहिली. सकाळच्या सात ते नऊच्या फेऱ्या मात्र दोन महिन्यांत उभ्याने भरायला लागल्या. रात्रीच्या बसचा हिशोब सकाळच्या गल्ल्यात मांडायचा असतो, हे मी तिथे शिकलो. आणि रात्री स्टेशनबाहेर एकट्या उभ्या असलेल्या मुलीसाठी ती बस काय असते ते कुठल्याच गल्ल्यात मांडता येत नाही.

शेअर रिक्षावाल्यांशी भांडू नका. कुठे बस हवी हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांच्या रांगा बघा, कोणत्या नावाच्या रांगेत सगळ्यात जास्त लोक आणि सगळ्यात जास्त वेळ उभे असतात ते बघा, तुमचा बसमार्ग तयार झाला. दोन किलोमीटरच्या आत रिक्षाच बरी: तीन सीट भरल्या की निघते, गल्लीत सोडते. तिथे बस घालून कोणाचं भलं होत नाही. अडीच-तीनच्या पुढे चित्र बदलतं, कारण रिक्षावाल्याला रिकामं परत यावं लागतं, म्हणून तो रात्री लांब जायला तयार नसतो किंवा सीटचे पैसे वाढवतो. एक गाडी तीनशे माणसं उतरवून गेली तर त्यांना शंभर रिक्षा लागतात. लांबच्यांना बसमध्ये घेतलं की जवळच्यांची रिक्षाची रांग आपोआप आखडते. रिक्षा संघटनेला हे आधी जाऊन सांगा, मार्ग सुरू झाल्यावर नव्हे.

स्टेशनबाहेरच्या जागेचा प्रश्न बदलापूरला मोठा आहे आणि तो लवकर सुटणार नाही. ठाण्यात पश्चिमेला स्टेशनबाहेर सॅटिस नावाचा उन्नत डेक बांधला, वर टीएमटीच्या (ठाणे महापालिकेच्या) बस, खाली रिक्षा, आणि रेल्वेच्या पुलावरून माणूस जिना न उतरता बसपर्यंत येतो. त्या शेवटच्या गोष्टीचं मोल फार आहे. पण असा डेक मागत बसू नका. दोन बस एकामागे एक उभ्या राहतील एवढी जागा, पुलाच्या पायथ्यापासून शंभर मीटरच्या आत, पट्टा मारलेली, संध्याकाळी सहा ते दहा एक वाहतूक पोलीस. एवढं मिळालं तरी सुरुवात होते. पायथ्यापासून तीनशे मीटर लांब थांबा दिला तर स्वीकारू नका. तिथे बस रिकामीच उभी राहील आणि मग 'प्रतिसाद नाही' म्हणून बंद होईल.

कोणाकडे मागायचं, हा सगळ्यात अवघड भाग. फलाट आणि पूल मध्य रेल्वेचे. बाहेरचा रस्ता नगरपरिषदेचा. रिक्षाचे परवाने आणि शेअर मार्ग प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचे. कोंडी वाहतूक पोलिसांची. बस कोणाची, इथेच गाडं अडतं. मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मिरा-भाईंदर, वसई-विरार यांच्या स्वतःच्या बस आहेत. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर अजून नगरपरिषदा आहेत. शेजारच्या महापालिकेने हद्दीबाहेर येऊन गावातल्या गावात बस चालवायची तर तोटा तिच्या करदात्यांनी का भरावा, हा तिच्या अधिकाऱ्यांचा प्रश्न चुकीचा नाही. केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेची, ऑगस्ट २०२३ मधली, मुख्य अट २०११ च्या जनगणनेप्रमाणे तीन लाख लोकसंख्येची आहे. २०११ मध्ये अंबरनाथ अडीच लाखांवर होतं आणि बदलापूर पावणेदोन लाखांच्या घरात. त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या ते तुम्ही रोज बघता, पण कागदावर तुम्ही अजून २०११ मध्येच राहता.

यातून मला एकच चालण्याजोगी वाट दिसते. नगरपरिषदेने शेजारच्या उपक्रमाशी करार करावा: बस आणि माणसं तुमची, किलोमीटरमागे ठरलेली रक्कम आमची, तिकिटाचं उत्पन्न आमच्या खात्यात. भाडेतत्त्वावरच्या बस आज बहुतेक उपक्रम याच पद्धतीने खाजगी कंत्राटदाराकडून घेतात, तेव्हा हिशोब कोणाला नवा नाही. अंबरनाथ आणि बदलापूर दोघांनी मिळून केला तर राखीव बस आणि डेपोचा खर्च वाटला जाईल. करारात किलोमीटरसोबत एक ओळ हवी: लोकलला चुकलेली फेरी ही न झालेली फेरी धरली जाईल, तिचे पैसे मिळणार नाहीत. पैसे फक्त किलोमीटरचे दिले तर कंत्राटदार किलोमीटरच धावून दाखवतो.

भाड्याचं थोडक्यात. लोकलचा सेकंड क्लासचा महिन्याचा पास काहीशे रुपयांत येतो. शेअर रिक्षाचे वीस रुपये धरले तर जाऊन-येऊन चाळीस, पंचवीस दिवसांचे हजार. म्हणजे सीएसएमटीपर्यंतच्या अडुसष्ट किलोमीटरपेक्षा शेवटचे साडेतीन किलोमीटर महाग. बसचा महिन्याचा पास याच्या निम्म्यात बसला तरच लोक सवय बदलतील. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मुंबई वन' ॲप आलं, त्यात लोकल, मेट्रो आणि बेस्ट, ठाणे, नवी मुंबई, मिरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवलीच्या बस एका तिकिटात घेता येतात. चांगलं पाऊल आहे. तुमची बस यातल्या एखाद्या उपक्रमाची असेल तर ती त्यात येण्याचा मार्ग खुला राहील, करार करण्याचं हेही एक कारण.

मेट्रोची वाट बघू नका. आली तरी हाच प्रश्न नव्या पुलाखाली उभा राहणार आहे. २०१७ च्या केंद्रीय मेट्रो धोरणात स्टेशनपासून किमान पाच किलोमीटरपर्यंत जोडबससेवेचं नियोजन प्रकल्प अहवालात दाखवायला सांगितलं आहे. लोकलच्या स्टेशनांना अशी अट कधी लागली नाही, कारण ती त्याच्या खूप आधी बांधली गेली. हे वाक्य तुमच्या पत्रात जरूर घाला: मेट्रोच्या प्रवाशाला जे धोरणाने दिलं ते लोकलच्या प्रवाशाला नाकारायचं कारण काय?

पत्राच्या आधी मात्र मोजणी करा. सहा माणसं, संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा. दोघं पुलाच्या पायथ्याशी: प्रत्येक लोकल खरोखर किती वाजता आली, पहिला माणूस आणि शेवटचा माणूस किती वाजता खाली उतरला. दोघं रिक्षाच्या रांगांजवळ: दर दहा मिनिटांनी कोणत्या रांगेत किती लोक. दोघं वसाहतीच्या तोंडाशी: किती रिक्षा आल्या, किती बाईक, किती जण चालत. दिवस मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार घ्या. सोमवार-शुक्रवारची गर्दी वेगळी असते आणि रविवारी मेगाब्लॉक. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि तिसऱ्यात एकदा. वही साधी ठेवा, घड्याळं मोबाइलवर एकमेकांशी जुळवून घ्या, आणि पाऊस पडला तर मोजणी रद्द करू नका. तो दिवस सगळ्यात उपयोगाचा.